यिर्मया २९:११ : हे वचन नेमकं कोणाला दिलंय, आणि आपण ते कसं घ्यायचं?

सुगंधा_भांडुप

जय ख्रिस्त.

मागच्या आठवड्यात परळची खोली रिकामी केली. चाळ पुनर्विकासाला गेली, सध्या भांडुपला भाड्याने राहतोय. सगळं सामान बांधून झाल्यावर शेवटी राहिली ती बाहेरच्या खोलीतली फ्रेम. सासऱ्यांनी लग्नानंतर लावलेली. "तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, असे परमेश्वर म्हणतो, ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत." फ्रेम उतरवली तर मागे भिंतीवर वीतभर चौकोन तसाच राहिलेला, जुना पिस्ता रंग, काल लावल्यासारखा. बाकीची भिंत स्वयंपाकाच्या धुराने पिवळी. मी तिथे बराच वेळ उभी होते.

कारण असं की गेल्या ३१ डिसेंबरला वॉच नाइटच्या, म्हणजे वर्षअखेरीच्या रात्रीच्या, भक्तीत ताटातली नव्या वर्षाच्या वचनाची चिठ्ठी उचलली आणि मला हेच वचन आलं. केवढा आनंद झाला होता, आमच्या घरचंच वचन! मार्चमध्ये यांची कंपनी बंद पडली. जूनमध्ये सासूबाई गेल्या. आता घर.

मुलगी पंधरा वर्षांची आहे, दृढीकरणाच्या वर्गाला जाते. फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळताना म्हणाली, "आई, हे तर बाबेलमधल्या यहुद्यांना लिहिलेलं पत्र आहे. आपल्याला कुठे लिहिलंय?" मला उत्तर देता आलं नाही. रागावलेही नाही, कारण तिचा प्रश्न बरोबर वाटला.

वाद नकोय. मला खरंच समजून घ्यायचंय. हे वचन माझं आहे का? असेल तर या वर्षाचं मी काय करू? आणि मुलीला काय सांगू?

रेल्वेवाला_कल्याण

ताई, हीच फ्रेम आमच्याकडेही आहे, दाराच्या अगदी समोर. सासूबाईंबद्दल वाचून वाईट वाटलं. धागा वाचतोय, जाणकार बोलतीलच.

जुना_शिक्षक

सुगंधाताई, तुमच्या मुलीने जे विचारलं ते विचारायला पुष्कळांना आयुष्य पुरत नाही. तिला शाबासकी द्या. मी पस्तीस वर्षं संडे स्कूल घेतली, त्या जोरावर थोडं लिहितो. लांबेल.

आधी हे पत्र कोणाला, ते पाहू. इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतलं. तरुण राजा यहोयाखीन, राजमाता, कारागीर, लोहार, सगळ्यांना त्याने बाबेलला नेलं. यरुशलेम शहर आणि मंदिर अजून उभं होतं, ते पडलं पुढे ५८६ मध्ये. म्हणजे नेलेले लोक बाबेलमध्ये आणि मंदिर तिकडे शाबूत. अशा वेळी माणूस काय करतो? सामान बांधूनच बसतो. आज नाहीतर उद्या परत जायचंच आहे, मग इथे खिळा तरी कशाला ठोका!

अशात २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून तो मोडूनही दाखवतो. यिर्मया आधी काय म्हणाला ते बघा: आमेन, परमेश्वर तसं करो. त्यालाही ते खरं व्हायला हवं होतं! पण ते खरं नव्हतं.

मग २९ वा अध्याय, म्हणजे हे पत्र. शाफानाचा मुलगा एलासा आणि हिल्कीयाचा मुलगा गमऱ्या हे दोघे राजाच्या कामासाठी बाबेलला निघाले होते, त्यांच्या हाती ते गेलं. त्यात लिहिलं होतं: घरं बांधा, त्यात राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. लग्नं करा, मुलांची लग्नं लावा. ज्या शहरात तुम्हांला नेलंय त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. दोन वर्षं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. सत्तर वर्षं लागतील. आणि हे सगळं झाल्यावर, १० व्या ओवीला लागून, ११ वी येते.

सत्तर वर्षं! पत्र ऐकताना जो चाळिशीचा होता त्याला परतीची वाट दिसणार नव्हती, हे त्याला तिथेच कळलं. तरी त्याला सांगितलं की संकल्प हिताचे आहेत. फ्रेममध्ये ११ वी ओवी मावते, १० वी बाहेर राहते. चूक तुमच्या सासऱ्यांची नाही, ओवी एकटी सुटी काढायची आपल्या सगळ्यांचीच सवय आहे.

आता "तुमच्याविषयी". मराठी बायबलात एका माणसाशी बोलताना देव "तू" म्हणतो, आणि आपणही देवाला "तू"च म्हणतो. स्तोत्र १२१ बघा, "तो तुझा पाय ढळू देणार नाही." तिथे आदरार्थी "तुम्ही" नाहीच. म्हणून आपल्या बायबलात "तुम्ही" आलं की ते अनेकांना असतं. इंग्रजीत वाचणाऱ्याला हा फरक दिसत नाही, आपल्याला फुकट दिसतो. यिर्मया २९:११ मध्ये "तुमच्याविषयी", "तुम्हांला" आहे. ते सगळ्या मंडळीला, आजोबांपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत एकत्र सांगितलंय. त्या बाळाने सत्तर वर्षांनी परत जायचं होतं.

हे वचन तुमचं आहे की नाही, यावर मी नंतर येतो. आधी इतरांचं ऐकू.

विश्वासात_स्थिर

सर, तुमच्या अभ्यासाचा आदर आहे, पण मला हे पटत नाही. संदर्भ संदर्भ करत शेवटी माणसाच्या हाती काहीच उरत नाही. रोमकरांस १५:४ म्हणतं की पूर्वी लिहिलेलं सगळं आपल्या शिक्षणासाठी लिहिलंय. मग यिर्मया आपल्यासाठी का नाही?

माझी साक्ष सांगतो. मुलगी सहा वर्षांची असताना डेंग्यूने अतिदक्षता विभागात होती. प्लेटलेट रोज उतरत होत्या. चार रात्री मी बाहेरच्या बाकावर बसून हे एकच वचन म्हणत होतो. बाबेल माहीत नव्हतं, नबुखद्नेस्सर माहीत नव्हता. पाचव्या दिवशी आकडा वर आला. आज ती बारावीला आहे. मला कोणी सांगितलं की ते वचन माझं नव्हतं, तर मी ऐकणार नाही. सुगंधाताई, धरून राहा. अजून वर्ष संपलेलं नाही.

नाईट_ड्यूटी

मी शक्यतो लिहीत नाही. पण वरची साक्ष वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

दादा, तुमची मुलगी बरी झाली याचा मला मनापासून आनंद आहे, हे आधी सांगते. मी परिचारिका आहे, त्या बाकावर बसलेले आईबाप मी रोज बघते. माझा मुलगा नऊ वर्षांचा होता. त्याच्यासाठीही हेच वचन म्हटलं गेलं. आमची मंडळी उपवास-प्रार्थनेला बसली होती. तो गेला. शिवडीच्या दफनभूमीतून घरी आलो, तेव्हा एका भगिनीने माझ्या हातात एक कार्ड ठेवलं. त्यावर यिर्मया २९:११ होतं.

तिचा हेतू वाईट नव्हता. पण ते कार्ड मी दोन वर्षं बघू शकले नाही. मला वाटायचं, यात हित कोणाचं? माझा विश्वास कमी पडला का? तुमचा आकडा वर आला, माझा नाही आला, मग ओवी तुमच्यासाठी खरी आणि माझ्यासाठी खोटी, असं होतं का?

म्हणून सरांनी सत्तर वर्षं सांगितली तेव्हा मला उलट आधार वाटला. माझ्या हातातलं काही त्यांनी काढून घेतलं असं मुळीच वाटलं नाही. त्या पत्राच्या पहिल्या वाचकांमध्येही मुलं पुरलेल्या आया असतील. देव त्यांना सोडून बोलत नव्हता.

विश्वासात_स्थिर

ताई, क्षमा करा. माझी साक्ष तुम्हाला कशी लागली असेल याचा मी विचारच केला नव्हता. पुढे काय लिहावं सुचत नाही. आज रात्री तुमच्यासाठी आणि तुमच्या लेकरासाठी देवाजवळ बसेन.

नाईट_ड्यूटी

क्षमा कशाची दादा. लिहिलंत म्हणून मलाही बोलता आलं.

गिरीजची_मार्था

मी वसईची, कॅथलिक. आमच्याकडे वचनाच्या चिठ्ठ्या नसतात, पण भिंतीवर हीच ओवी असते, तेव्हा मीही यात आहेच!

नाईट_ड्यूटी ताई, ईयोबाच्या मित्रांचं आठवलं. ते तिघे आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडल्यावर बिघडलं सगळं. आमच्या गावात मयताच्या घरी पहिल्या दिवशी शेजारच्या बायका येतात, चूल आपल्या हातात घेतात, पेज करतात, भांडी घासतात. वचन कोणी सांगत नाही. रोमकरांस १२:१५ मध्ये शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा म्हटलंय. त्यांना समजावून सांगा असं कुठे म्हटलंय?

मी ओवी कशी वाचते ते सांगते. फादरांनी शिकवलेली जुनी पद्धत आहे, लेक्सियो दिविना म्हणतात. तोच उतारा सावकाश दोन-तीनदा वाचायचा. एखादा शब्द अडतो, तिथे थांबायचं. त्यावर देवाशी बोलायचं. मग गप्प बसायचं. विरार लोकलमध्ये चर्चगेटपर्यंत एवढा वेळ सहज मिळतो, चौथी सीट मिळाली तरी पुरे. हा अध्याय वाचताना मी कधी "संकल्प" या शब्दावर अडले नाही. दर वेळी अडते ती "मळे लावा" वर. आमच्या केळीच्या वाड्या गेल्या म्हणून असेल.

रेल्वेवाला_कल्याण

चिठ्ठ्यांचा विषय निघालाय म्हणून सांगतो, जरा हलकं होऊ द्या. आमच्या मामांना एका वर्षी ताटातून नीतिसूत्रे ६:६ मिळालं. "अरे आळशा, मुंगीकडे जा." सगळी मंडळी हसली, मामी तर सर्वांत जास्त. पण मामांनी ते मनावर घेतलं. वर्षभर पहाटे पाचला उठले, बंद पडलेलं छपाईचं काम पुन्हा सुरू केलं. म्हणजे चिठ्ठीतूनही देव बोलतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

जुना_शिक्षक

रेल्वेवाला, मामांना माझा नमस्कार सांगा. 😀 देव चिठ्ठीतून बोलूच शकत नाही असं मी म्हणणार नाही. पण फरक बघा. मामांना आलेल्या ओवीने त्यांना काही करायला लावलं. आपण ताटात कोणत्या ओव्या घालतो? सगळ्या गोड गोड. "तुझा क्रूस उचल" ही चिठ्ठी मी आजवर कोणाला मिळालेली पाहिली नाही. आणि ओवी संदर्भातून सुटी काढली की ती कोणाच्याही तोंडी जाते. मत्तय ४ मध्ये मंदिराच्या शिखरावर सैतानही स्तोत्र ९१ म्हणतो. शब्द शास्त्रातलेच, पण त्यांतून तो येशूला खाली उडी टाकायला सांगत होता.

अंधेरी_जिम

नमस्कार. वय २३, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्या टी-शर्टावर फिलिप्पैकरांस ४:१३ आहे, "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे." वजन उचलायच्या आधी मनात म्हणतो. तेही चूक का?

जुना_शिक्षक

चूक नाही रे बाळा, अपुरं आहे. मागच्या दोन ओव्या वाच. पौल बंदिवासात आहे आणि म्हणतो, भरल्या पोटी राहायला शिकलो, उपाशी राहायलाही शिकलो. विपुलता पाहिली, गरजही पाहिली. त्याचं "सर्वकाही" म्हणजे हे सगळं. वजन उचललं गेलं त्या दिवशी ती ओवी म्हण. खांदा दुखावून सहा महिने घरी बसलास तर त्या दिवशी जास्त म्हण. ती खरी तेव्हासाठीच आहे.

अंधेरी_जिम

गेल्या वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा तो टी-शर्ट कपाटात आत सारून ठेवला होता. आता कळतंय की तेव्हाच घालायला हवा होता. धन्यवाद सर.

ओवीवाली

भाषांतराचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर करते. आज आपण सहज वाचतो, पण त्यामागे किती हात आहेत. विल्यम केरी यांच्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या (सेरामपूर) छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार आला. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८२६ मध्ये त्यांचा नवा करार इथे मुंबईतच छापला गेला. आणि पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बायकांना कळावं म्हणून. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या, ते पूर्ण छापून आलं १९२४ मध्ये. स्वतः लावलेल्याचं फळ त्यांनीही पाहिलं नाही.

माझी आजी निरक्षर होती. ती म्हणायची, "वचन ऐकायचं ते चावून खायला. नुसतं गिळलं तर पचत नाही."

गोराईकर

सगळं चांगलं चाललंय पण एक खटकलं. हे पत्र मुंबईला लावायचं तर मुंबई बाबेल झाली का? आम्ही इथले मूळचे, ईस्ट इंडियन. आमचे वाडवडील याच मातीत. आम्हाला कोणी पकडून आणलेलं नाही. आमची आजी म्हणायची की शहर आमच्याकडे आलं, आम्ही शहरात गेलो नाही.

जुना_शिक्षक

गोराईकर, तुमचं म्हणणं रास्त आहे. मुंबईला बाबेल ठरवायचा माझा इरादा नाही. पण पेत्राच्या पहिल्या पत्रात सगळ्याच ख्रिस्ती लोकांना परदेशवासी आणि प्रवासी म्हटलंय, जे जन्मल्या गावीच राहत होते त्यांनाही. घर आपलं असलं तरी मुक्काम कायमचा नाही, एवढ्याच अर्थाने.

गोराईकर

हे मान्य. आमची वाडी तशीही आता निम्मी बंगल्यांची झालीय. 🙏

गिरणगावकर_७१

माझं वय हँडलमध्ये आहे. वडील नगर जिल्ह्यातून आले, आधी बदली कामगार, मग कायम. राहायचो डिलाइल रोडला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार घरी. सगळ्यांना वाटलं महिना दोन महिने. डॉक्टर सामंत करतील काहीतरी. सहा महिने गेले, वर्ष गेलं. काही गावी परत गेले. वडील रोज संध्याकाळी म्हणायचे, "पुढच्या महिन्यात भोंगा वाजेल."

एके रविवारी पाळकसाहेबांनी याच अध्यायावर उपदेश केला. ११ वी ओवी त्यांनी शेवटी एकदाच वाचली. सगळा वेळ होते ७ व्या ओवीवर. ज्या नगरात आहात त्याचं हित बघा. घरी येऊन वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सामान बाहेर काढलं. आमची एक मोठी लोखंडी ट्रंक होती, गावी जायची तयारी म्हणून वर्षभर भरून ठेवलेली. ती रिकामी केली, कपडे मांडणीवर लावले. ट्रंक विकली आणि त्या पैशात पिठाच्या गिरणीत भागीदारी घेतली. छोटी, दळणाची.

त्यांच्या गिरणीचा भोंगा पुन्हा वाजला नाही. पण मजल्यावर ज्यांच्या घरी दळणाचे पैसे नसत, त्यांचं दळण वडील संपभर तसंच द्यायचे. हिंदू, मुसलमान, आपले, सगळे. आई चिडायची. ते म्हणायचे, "ओवीत मंडळीचं हित नाही लिहिलंय, नगराचं लिहिलंय."

सुगंधाताई, तुमचा प्रश्न वचन आपलं आहे का असा आहे. मी वडिलांकडे बघून एवढं सांगेन की ते ज्या दिवशी ट्रंक रिकामी करायला बसले, त्या दिवशी ते त्यांचं झालं.

नाईट_ड्यूटी

ट्रंक. 🙏 काका, हे वाचून मी ड्यूटीवर रडले.

मुद्रांक_आणि_नोंदणी

घराचा विषय आहे म्हणून माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. करारनामे नोंदवायचं काम करतो, वीस वर्षं झाली. यिर्मया ३२ वाचा. खरेदीखताचं एवढं बारीक वर्णन बायबलात दुसरीकडे मी वाचलेलं नाही.

यरुशलेमला वेढा पडलेला. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशात चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे. शत्रूच्या सैन्याने व्यापलेल्या भागातलं शेत! आमच्या कार्यालयात कोणी असा व्यवहार आणला तर मी हात जोडीन. आणि यिर्मया घेतो. सतरा शेकेल चांदी तोलून देतो. दोन प्रती करतो, एक शिक्का मारून बंद केलेली, एक उघडी. साक्षीदारांच्या सह्या. आपला लेखनिक बारूख याच्या हाती देतो आणि सांगतो, मातीच्या भांड्यात घालून ठेव, पुष्कळ दिवस टिकली पाहिजेत. का, तर या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील.

यिर्मयाला ते शेत कधी कसता आलं नाही. पुढे त्याचे लोक त्याला ओढून मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, घेऊन गेले. पण २९:११ लिहिणाऱ्या माणसाने आपल्या खिशातले पैसे त्या शब्दांवर लावले होते. म्हणून मला त्या ओवीवर भरवसा वाटतो.

जाता जाता ताई, कागदांचं म्हणून सांगतो. पर्यायी जागेचा करार नोंदवलेला आहे ना? भाड्याचं त्यात लिहिलंय ना? झेरॉक्सवर विसंबू नका, नोंदणीकृत प्रत स्वतःकडे ठेवा. बारूखासारखी.

रेल्वेवाला_कल्याण

मातीचं भांडं म्हणजे त्या काळचा लॉकर!

विश्वासात_स्थिर

दोन दिवस अध्याय पुन्हा पुन्हा वाचला. ४ ते १४. सर, माझं आधीचं एक मत बदललं, एक नाही.

बदललं ते हे. मी "संकल्प हिताचे" म्हणजे "माझं काम होणार" असं धरत होतो. तसं तिथे लिहिलेलं नाही. १२ आणि १३ मध्ये मला हाक माराल, मनापासून शोधाल तर मी सापडेन, असं आहे. संकल्पाचं टोक परतीच्या वाटेच्याही पुढे जातं, थेट त्याच्यापाशी.

बदललं नाही ते हे. वचन आपलंही आहे. २ करिंथकरांस १:२० सांगतं की देवाची जेवढी वचनं आहेत, त्यांचं "होय" ख्रिस्तात आहे. यहुद्यांना लिहिलेलं पत्र आपल्यापर्यंत येतं ते त्याच्या हातून, चिठ्ठीच्या ताटातून नव्हे. त्या बाकावर मी बाबेल न कळता बसलो होतो, तेव्हाही तो माझ्याजवळ होता. आणि नाईट_ड्यूटी ताईंजवळही तितकाच होता, हे आता मी म्हणू शकतो.

जुना_शिक्षक

मी नंतर येतो म्हणालो होतो ते उत्तर तुम्हीच दिलंत, माझ्यापेक्षा बरं. फक्त दोन शब्दांची भर घालतो. मूळ हिब्रूत ७ व्या ओवीत "शालोम" तीनदा आहे: नगराचा शालोम शोधा, त्याच्या शालोममध्ये तुमचा शालोम. आणि ११ व्या ओवीत देवाचे संकल्प "शालोम"चेच आहेत. तोच शब्द. म्हणजे शेजाऱ्याचं दळण आणि देवाचा संकल्प या दोन ओव्या एकाच धाग्याने शिवल्या आहेत. दुसरा शब्द शेवटचा, आशा, "तिक्वा". यहोशवाच्या पुस्तकात राहाबेने खिडकीला बांधलेली ती लाल दोरी आठवते? तिथेही दोरीला हाच शब्द आहे. हाताला लागते, धरता येते, अशी वस्तू.

सुगंधाताई, तुम्ही कुठे आहात? धागा तुमचा आणि बोलतोय आम्हीच.

सुगंधा_भांडुप

इथेच आहे. रोज वाचत होते, रात्री मुलीलाही वाचून दाखवत होते. गिरणगावकर काकांचं वाचताना हे जेवता जेवता थांबले. आमच्याकडे सात खोकी अजून बांधलेलीच होती. तीन वर्षांत परत जायचंय, मग उघडायची कशाला, असं यांचं म्हणणं. काल रात्री जेवण झाल्यावर स्वतःच उठून चार खोकी फोडली. सासूबाईंची पितळी भांडी निघाली, ती घासून ओट्यावर मांडली. बोलले काहीच नाहीत. मीही विचारलं नाही.

नोकरीचं अजून काही नाही. नोंदणीकृत प्रत सापडली, खोकं क्रमांक पाच.

आणि नाईट_ड्यूटी ताई, सासूबाई गेल्यावर मलाही दोघा-तिघांनी हेच वचन सांगितलं होतं. मला फार एकटं वाटलं होतं, पण हे कोणाला सांगता येत नव्हतं. तुम्ही लिहिलंत म्हणून आज लिहितेय.

मुलीने रविवारी वर्गात ४ ते १४ पाठ म्हणून दाखवल्या. ११ व्या ओवीला अडखळली नाही, ती भिंतीवर बघतच वाढलीय. १० व्या ओवीला अडखळली. पाळकसाहेबांनी विचारलं, सत्तर वर्षं म्हणजे किती गं? ती म्हणाली, "आजीचं वय."

गिरीजची_मार्था

लेकरू गं माझं ते.

फ्रेम लावली का नव्या घरी?

सुगंधा_भांडुप

घरमालक खिळा मारू देत नाहीत. फ्रिजवर टेकवून ठेवलीय. मुलीने १० वी ओवी कागदावर लिहून काचेच्या खालच्या कोपऱ्यात खोचली.

खिडकीला जाळी आहे, ऊन दुपारपर्यंत येतं. तिथे काय लागेल, कोणी सांगेल का?

गिरीजची_मार्था

कढीपत्ता लाव. रंगाच्या रिकाम्या बादलीत चालतो, तळाला भोकं पाड. रोप माझ्याकडे आहे. शुक्रवारी दादरला उतरते, पुलाखाली भेट, देते.

रेल्वेवाला_कल्याण

एक मलाही आणा ताई.